पीटीच्या तासाला आधी आऊट कोण होतं ते बघा

मा. संपादक,
स. न.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकपत्रांत एका पालकांचं पत्र होतं, मुलं फुगत चाललीयेत, शाळांनी पीटीचे तास दुप्पट करावेत म्हणजे प्रश्न मिटेल. पत्र तळमळीने लिहिलेलं होतं, काही वाद नाही. पण मी गिरणगावातल्या एका मराठी शाळेत ३१ वर्षं पीटी शिकवली, रिटायर होऊन आता भांडुपला लेकाकडे असते, आणि ते पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग रात्रभर डोक्यात तेच फिरत राहिलं. म्हणून लिहायला बसले. लांबलं तर कापा, फक्त हिशोब तेवढा ठेवा.

हिशोब असा आहे. आमच्याकडे तास ३५ मिनिटांचा. सहावीचा वर्ग चौथ्या मजल्यावर. बेल झाली की रांग लावा, जिन्यात ढकलाढकली, कोणाची नाडी सुटलेली, कोणाला नेमकी तेव्हाच लघवीला लागलेली, खाली मैदानात येईपर्यंत ७-८ मिनिटं जातात. हजेरी घ्या, परत वर जायला ५ मिनिटं आधी सोडा. हातात राहतात २० मिनिटं, तीही चांगल्या दिवशी. वर्गात मुलं ५५. आता मी खो-खो घेतला. एका टीमचे ९ जण मैदानात, त्यातले ८ खाली बसलेले आणि एकजण पळतोय, समोरच्या टीमचे तिघं आत. म्हणजे एका वेळेला खरोखर पळतायत ४ जण. ८ उकिडवे बसलेत आणि बाकीचे ४३ कडेला बसून बोंबलतायत. २० गुणिले ४ म्हणजे ८०, भागिले ५५, एका मुलाच्या वाट्याला दीड मिनिट पण येत नाही हो. आठवड्याला असे दोन तास. म्हणजे धरा तीन मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, रोज, आणि आम्ही आठवड्याला तीन मिनिटं देतो. तास दुप्पट केले की तीनाची सहा होतील. तर त्या पालकांना मला एवढंच विचारायचंय, दुप्पट कशाचं करताय?

खो-खोवर माझा राग नाही, उलट जीव आहे. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या पुरुषांनी पण जिंकला आणि बायकांनी पण, दोन्ही कॅप्टन आपलेच, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, मी टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या पिटत होते आणि सूनबाईला वाटलं मला काही झालं. पण खेळाडू तयार करायचा खेळ वेगळा आणि ५५ जणांना हलवायचं काम वेगळं, हे मला नोकरीला लागल्यावर १५-१६ वर्षांनी कळलं. आम्हाला शिकवताना मैदानाची मापं पाठ करून घेतली, नियम पाठ करून घेतले, शिट्टी कशी मारायची ते सुद्धा शिकवलं. कडेला बसलेल्या त्रेचाळीसांचं काय करायचं हे कोणी सांगितलं नाही.

आणि ती दीड मिनिटं पण सरासरी आहे बरं का. सगळ्यांना सारखी मिळत नाहीत. आपल्या शाळेतले निम्मे खेळ आऊट होण्याचे, लंगडी, खो-खो, डॉजबॉल, संगीत खुर्ची, कसलंही घ्या. ह्यात पहिला आऊट कोण होतो? जो जाड आहे तो. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त पळायला पाहिजे तो पहिल्या अर्ध्या मिनिटात बाहेर येऊन बाकड्यावर बसतो, आणि जो आधीच काटक आहे, दिवसभर चाळीत उड्या मारतो, तो शेवटपर्यंत खेळतो. टीम पाडताना पण तेच. दोन कॅप्टन एकेक नाव घेणार आणि शेवटी उरलेला एकजण, त्याला कोणी घेत नाही, मग बाई म्हणणार जा रे तिकडे. मी म्हटलंय असं. किती वेळा म्हटलंय त्याची गणती नाही.

आता वजनाचं. आकडे बघून घाबरायला होतं हे मान्य आहे. २०२४ मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरी मासिकात आलं होतं की २०२२ साली भारतात ५ ते १९ वयाची जवळजवळ १ कोटी २५ लाख मुलं लठ्ठ होती आणि १९९० ला हाच आकडा ४ लाखाच्या आसपास होता. मी नोकरीला लागले तेव्हा वर्गात एखादंच मूल असायचं, शेवटी शेवटी प्रत्येक बाकाच्या ओळीत एक दिसायला लागलं, त्यामुळे मला तो आकडा खोटा वाटत नाही. पण पीटीने ते वजन उतरेल ही समजूत चुकीची आहे. साधं गणित आहे, धावताना साधारण एका किलोमागे एका किलोमीटरला एक कॅलरी खर्च होते. ४० किलोच्या मुलाने शाळेच्या फिटनेस टेस्टमधली ६०० मीटरची धाव पूर्ण केली तर खर्च २४-२५ कॅलरी. गेटबाहेरचा वडापाव ३०० च्या आसपास. तो एक वडापाव जिरवायला त्या पोराला साडेसात किलोमीटर पळायला पाहिजे, म्हणजे परळ स्टेशनपासून रुळाच्या बाजूने पळत सुटलं तर सीएसएमटीला पोचेल तेव्हा कुठे हिशोब फिटला. २००९ मध्ये कॅनडाच्या मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये शाळेतल्या व्यायामावरचे बरेचसे अभ्यास एकत्र करून तपासले होते, त्यातही बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्यावर, काही सांगण्यासारखा फरक दिसला नव्हता.

लगेच वडापाववाल्याच्या मागे लागू नका हां. २०२० चा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा, नियम आहे की शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत. मुंबईत ५० मीटर मोजायला गेलात तर मध्ये दुसऱ्या शाळेचं गेट लागतं. आणि मी डबे बघितलेत ना. मधल्या सुट्टीत फिरायची माझी ड्युटी असायची, चपाती-भाजीच्या डब्यांत हळूहळू वेफर्सची पाकिटं, क्रीमची बिस्किटं आणि छोटी फ्रूटी कशी शिरली ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, ते काही गेटबाहेरच्या माणसाने भरलेलं नव्हतं. आई सकाळी ६.४० ची लोकल पकडणार, ती काय करणार, तिलाही दोष देववत नाही. आता सीबीएसईने २०२५ पासून शाळांना शुगर बोर्ड लावायला सांगितलंय, कुठल्या कोल्ड्रिंकमध्ये किती चमचे साखर ते दाखवायचं, चांगलं आहे, लावा. पण खाण्याचं काम खाण्याच्या जागी करायला पाहिजे. ते पीटीच्या डोक्यावर टाकलं की दोन्ही बिघडतं. वर्षभर पळून वजन उतरत नाही मग आईबाप म्हणतात काही उपयोग नाही, त्यापेक्षा गणिताचा क्लास लावू.

मग पीटी कशाला? वजनाचा काटा हलो न हलो, दम वाढतो, हाडं घट्ट होतात, रक्तातली साखर ताळ्यावर राहते, रात्री झोप लागते, आणि ज्याला लहानपणी घाम यायची सवय लागली त्याला पुढे चाळिशीत डॉक्टरने चालायला सांगितलं तर ते शिक्षा वाटत नाही. हे बारीक मुलांना पण तेवढंच लागू आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापला होता, दोघांचाही बीएमआय अगदी एकच, २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. म्हणजे आपली काडीपहिलवान दिसणारी पोरं पण आतून तशी असतीलच असं नाही, आणि आपण मात्र काट्यावर उभं करून ठरवतो की हा जाड, हा बारीक, हा पळेल, हा राहू दे.

काट्यावरून आठवलं, आणि खरं तर ह्यासाठीच हे पत्र लिहायचं होतं, मघापासून टाळतेय.

दरवर्षी जून-जुलैमध्ये उंची-वजन घ्यायचं असतं, प्रगतिपुस्तकात भरायला. पद्धत अशी की वर्गात काटा आणायचा, एकेकाला वर उभं करायचं, बाईंनी आकडा वाचायचा आणि मॉनिटरने वहीत लिहायचा. मॉनिटर बसलेला मागच्या कोपऱ्यात, पावसाचा आवाज पत्र्यावर, म्हणून मोठ्याने वाचायचं. सहावीतला एक मुलगा, नाव सांगत नाही, काट्यावर उभा राहिला आणि मी नेहमीच्या आवाजात वाचलं, अठ्ठावन्न. वर्ग हसला. मी पण गप्प बसा रे म्हणून पुढचं नाव घेतलं, माझ्या लेखी विषय संपला. त्या मुलाचं नाव दहावीपर्यंत अठ्ठावन्न पडलं. मैदानात अठ्ठावन्न, कॅन्टीनमध्ये अठ्ठावन्न, एकदा तर शिपाईमामांनी पण तशीच हाक मारली. त्याच्यानंतर तो पीटीच्या तासाला चिठ्ठी घेऊन यायचा, आज पोटात दुखतंय, आज पाय मुरगळलाय, आज बूट भिजलेत. मला वाटायचं आळशी आहे. आळशी मुलांसाठी माझ्याकडे एकच औषध होतं, मैदानाला तीन राऊंड मार. आता विचार करते की आपण मुलांना सांगतो पळणं चांगलं असतं आणि चुकलं की शिक्षा म्हणून पळायलाच लावतो, ह्यातून मूल काय शिकणार?

मुलींचं तर वेगळंच. आठवी लागली की निम्म्या मुली कडेला. स्कर्टचा युनिफॉर्म, ओढणी पिन केलेली, मुलांसमोर पळायची लाज, पाळीचे दिवस आणि टॉयलेटमध्ये पाणी नाही. मी बाई असून मला हे उशिरा सुचलं की त्यांना वेगळी वेळ आणि ट्रॅक पँट दिली तर प्रश्न निम्मा सुटतो, आणि मुख्याध्यापकांकडे मागणी केली तर उत्तर आलं शिस्तीत बसत नाही. १४६ देशांतल्या शाळकरी मुलांच्या माहितीवरून काढलेलं होतं की २०१६ मध्ये ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती, मुलगे ७८ आणि मुली ८५. आमच्या शाळेत मोजलं असतं तर मुलींचं काय आलं असतं त्याचा विचार न केलेला बरा.

हे सगळं शाळेबाहेर भरून निघायचं पूर्वी. लालबाग-परळच्या चाळीत पोरं संध्याकाळी चौकात असायची, विटीदांडू, लगोरी, आबाधुबी, अंधार पडला की लपाछपी, आई गॅलरीतून दहा हाका मारायची तेव्हा वर यायची. शाळा दोन स्टेशनांच्या मधल्या अंतरात असेल तर चालत यायची. त्यातली एक एक चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, त्याच जागी टॉवर आला, खाली तीन मजले पार्किंग आणि पोडियमवर बोर्ड, येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगतात, एक सतरंजी अंथरली की संपली, २०३४ च्या विकास आराखड्यात ती ४ वर न्यायचं म्हटलंय. जी मैदानं आहेत तिथे मे महिन्यात लग्नाचे मांडव, नंतर गणपती, नवरात्र, मग कसलंतरी प्रदर्शन आणि जून ते सप्टेंबर तर चिखलच. आमच्याकडे पावसाळ्यात पीटी म्हणजे वर्गात कॅरम आणि बुद्धिबळ. दिवाळीनंतर दहावीचे पीटीचे तास सायन्सवाले मागून न्यायचे आणि मागून म्हणजे विचारून नव्हे. शेवटी सगळ्यांना अ श्रेणी, ती स्टाफरूममध्ये चहा पिता पिता भरायची, मी भरलीये. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरच्या वर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक द्या असं लिहिलंय, अंशकालीन, म्हणजे अर्ध्या पगारात आला, दोन शाळा करून पळाला. आणि जो पूर्ण वेळ आहे तो शिक्षक कमी आणि बंदोबस्तवाला जास्त, प्रार्थना, शिस्त, मिरवणूक, निवडणूक, पाहुणे आले की रांगोळीपासून माइकपर्यंत.

पाहुण्यांवरून लेझीम आठवली. त्या अठ्ठावन्नचा शेवट सांगते. तो आठवीत होता तेव्हा २६ जानेवारीला कोणी मोठे पाहुणे येणार होते, मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं साठ मुलांची लेझीम बसवा. माझी नेहमीची पोरं कबड्डीच्या मॅचेसला गेलेली, मुलं कमी पडली, म्हणून सरसकट अख्खा वर्ग उभा केला, चिठ्ठीवाले पण. चार आवाज, एक जगह, आदि लगाव, पवित्रा, दो रुख, असे लेझमीचे एकेक प्रकार. लेझमीत कोणी आऊट होत नाही. कडेला कोणी बसत नाही. साठच्या साठ जण वीस मिनिटं हलतात, पहिल्या दहा मिनिटांत शर्ट ओले. आणि तिसऱ्या रांगेत तो मुलगा, हाताला असा ताल की मी हलगीवाल्याला सांगितलं त्याच्याकडे बघून वाजव. नंतर कळलं लालबागचाच तो, गणपतीत लहानपणापासून बापाच्या खांद्यावर बसून ढोल ऐकत वाढलेला. तीन आठवडे प्रॅक्टिस चालली, सकाळी सातला, त्याची एक पण चिठ्ठी आली नाही. वजन उतरलं का? नाही. मी नंतर मोजलं पण नाही. पण बसवताना दम लागून थांबणारा पोरगा शेवटच्या आठवड्यात न थांबता पूर्ण करायला लागला एवढं मला दिसलं.

२७ जानेवारीला मी लेझमी मोजून कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. पुढच्या तासाला परत खो-खो. तो परत बाकड्यावर. मला तेव्हा सुचलं कसं नाही ह्याचं आज आश्चर्य वाटतं, पण नाही सुचलं, स्पर्धेतल्या शिल्डवर माझं नाव लागायचं आणि लेझमीला शिल्ड नव्हती. पुढे शेवटच्या पाच-सहा वर्षांत मी पद्धत बदलली, एका वर्गाचे आठ छोटे गट, प्रत्येक गटाला अर्धा कोपरा, कोणाला दोरी, कोणाला रिंग, कोणाला लेझीम, आऊट झालं की पाच सूर्यनमस्कार घालून परत आत यायचं, बाहेर बसायचं नाहीच. वजन एकेकाला आत बोलवून मी आणि मूल दोघांतच, आकडा मीच लिहायचा. गोंगाट व्हायचा. सुपरवायझर म्हणायच्या तुमच्या तासाला शिस्त राहिली नाही आता.

म्हणून त्या पालकांना सांगा, तास वाढवून मागा की, मी कोण नको म्हणणार. पण आधी एक दिवस रजा काढा, शाळेची परवानगी घ्या, मैदानाच्या कडेला उभे राहा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावून फक्त आपल्या मुलाकडे बघा. ते हललं की सुरू, थांबलं की बंद. मी मागच्या महिन्यात माझ्या नातवाचं बघितलं, दुसरीत आहे, इकडेच उपनगरातल्या एका मोठ्या फीच्या शाळेत, टर्फ बिर्फ सगळं आहे, जाळीच्या बाहेर भाजीची पिशवी घेऊन उभी राहिले. तास ४० मिनिटांचा. स्टॉपवॉचवर आले ४ मिनिटं १० सेकंद, आणि त्यातलं एक मिनिट तो बाहेर गेलेला बॉल आणायला गेला होता.

आपली,
एक निवृत्त पीटी शिक्षिका,
भांडुप, मुंबई